दोघांचे चार दिवस

आमच्या घरांत आज अकरा माणसें आहेत. सर्वांत वडील आमच्या मातोश्री. त्यांचें वय ब्याऐंशी. सर्वांत धाकटी आमची नात. ती सहा वर्षांची. अशा घरांत आजारीपणीं उशाशीं बसावयास कोणी नाहीं असें कधीं होत नाहीं, हें एकत्र कुटुंबाचें मोठें सुख होय. परंतु त्याच घरांत नवराबायकोंस अर्धा तास निवांत बोलावयास मिळत नाहीं, ही त्या सुखाची दुसरी बाजू. आणि तिच्याविषयीं आपल्यांत कोणी मोकळेपणानें बोलत नाहीं.

गेल्या दिवाळींत आमच्या चिरंजीवांनीं जरा चांचरतच विषय काढला. "संक्रांतीनंतर चार दिवस आम्ही दोघेंच कोठें तरी जाऊन यावें म्हणतों." 'दोघेंच' हा शब्द ऐकून पंगतींत क्षणभर शांतता पसरली. मग सूचनांस प्रारंभ झाला. एकानें सांगितलें, लहानगीला न्याच, तिला आगगाडी आवडते. दुसऱ्यानें विचारलें, मग आत्याबाईंसहि सोबत होईल, नाहीं का? सूनबाई खालीं मान घालून वाढीत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा हुरूप हळूहळू मावळतांना आम्हीं पाहिला, आणि तीस वर्षांपूर्वींची आमचीच एक सहल आठवली.

त्या वेळीं आम्ही उभयतां पांच दिवस मुंबईस गेलों होतों. उतरलों एका आप्तांकडे. घर प्रेमळ पण दोन खोल्यांचें. पुरुष बाहेरच्या खोलींत निजत, बायका आंत. पांच दिवसांत आम्हीं नऊ घरीं जेवणें घेतलीं, तीन लग्नांच्या बोलण्यांत मतें दिलीं, आणि उरलेल्या वेळांत शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं सांगितलेल्या वस्तूंची खरेदी केली. परतीच्या गाडींत आमच्या कुटुंबानें एवढेंच म्हटलें, "घरीं निदान सकाळच्या चहाला तरी आपली गांठ पडते." त्यांत तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच तें अधिक लागलें. त्या वाक्याची भरपाई म्हणा, पण या खेपेस मुलांच्या सहलीचा बेत आम्हींच आंखून दिला. अशीच पाळी ज्यांच्या घरीं येणार असेल त्यांस उपयोगीं पडावा म्हणून तो येथें देत आहों.

मुंबईच कां, आणि तीहि उपनगरांत कां?

थंडीच्या दिवसांत थंड हवेच्या ठिकाणीं जाऊन कुडकुडण्यांत काय हंशील, असा आमचा पहिला मुद्दा. जानेवारींत मुंबईच्या उपनगरांत पहाटे पारा सतरा-अठरा अंशांच्या आसपास असतो आणि दुपारीं तिसांच्या घरांत जातो. शालीचें कौतुकहि होतें आणि ओझेंहि होत नाहीं. मात्र एक गोष्ट लपवूं नये. अलीकडे हिंवाळ्यांत वारा पडला कीं मुंबईची हवा धुरकट होते. ज्यास दम्याची व्यथा आहे त्यानें वैद्याचा सल्ला घेऊनच निघावें.

मुंबई म्हटली कीं लोकांस गेट-वे आणि राणीचा हार आठवतो. तीं स्थळें पाहण्याजोगीं आहेतच. पण पाहण्याची यादी जितकी लांब तितका दोघांचा वेळ कमी. उपनगरांची गोष्ट वेगळी आहे. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड हीं एके काळीं साष्टी बेटावरचीं खेडीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग पसरला तेव्हां शहरांतील अनेक कुटुंबें मोकळ्या हवेसाठीं इकडे येऊन राहिलीं. १९२८ सालीं बोरिवलीपर्यंत विजेची गाडी धांवूं लागली, आणि नोकरी शहरांत व बिऱ्हाड उपनगरांत हा संसाराचा नवा प्रकार पक्का झाला. अंधेरी व घाटकोपर १९५० सालीं, तर बोरिवली व मुलुंड १९५७ सालीं बृहन्मुंबईंत आलीं. आज तेथें गर्दी अपार आहे. तथापि त्या गर्दीच्या पोटांत दोन हजार वर्षांचीं लेणीं, बिबट्यांचें रान, परदेशचे पक्षी आणि मराठी नाटक हें सारें एकाच परिसरांत नांदतें, आणि तें पाहावयास धांवाधांव करावी लागत नाहीं.

उतरावें कोठें, फिरावें कसें?

आप्तांकडे उतरूं नये, हा आमचा पहिला आणि सर्वांत अप्रिय नियम. अंधेरी पूर्वेस विमानतळामुळें लहानमोठीं उतारगृहें पुष्कळ आहेत. नाताळ ते नववर्ष या आठवड्यांत त्यांचे दर चढतात. म्हणून संक्रांतीनंतरचा आठवडा बरा. खर्चाचा अर्धा वांटा स्वच्छ आणि शांत खोलीवर गेला तरी कुरकुर करूं नये. सहल ज्यासाठीं काढली तें त्या खोलींतच मिळावयाचें आहे.

प्रवासाविषयीं एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. मुंबईची लोकलगाडी नवराबायकोंस वेगळें करते! बायकांचा डबा निराळा. साधारण डब्यांत बायकांस मज्जाव नाहीं, पण तेथें गर्दींत उभें राहवत नाहीं. म्हणून हीं एका स्थानकावर दोन डब्यांत चढतात आणि दुसऱ्या स्थानकावर एकमेकांस शोधीत हिंडतात. जेथें जातां येईल तेथें मेट्रोनें जावें. घाटकोपर ते वर्सोवा ही मुंबईची पहिली मेट्रो ८ जून २०१४ रोजीं सुरू झाली. बारा स्थानकांचा सुमारें साडेअकरा किलोमीटरांचा हा मार्ग मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या उपनगरांस थेट जोडतो. पुण्याकडून येणाऱ्यांनीं ठाण्यास थांबणारी गाडी धरावी, तेथून लोकलनें घाटकोपरास यावें आणि मेट्रोनें अंधेरी गांठावी. दोघांना शेजारीं बसून खिडकींतून शहर पाहतां येतें. लोकलनें जाणें भागच असेल तर ध्यानांत ठेवावें कीं सकाळची गर्दी दक्षिणेकडे आणि संध्याकाळची उत्तरेकडे वाहते; आपण उलट दिशेनें जावें.

बेत

गुरुवारीं निघून सोमवारीं परतावें. दिवसास एकच गोष्ट. दुसरी सुचली तरी पुढच्या वर्षासाठीं राखून ठेवावी.

*गुरुवार.* दुपारीं विश्रांति. संध्याकाळीं अंधेरी पश्चिमेस गिल्बर्ट टेकडी. टेकडी कसली, तो काळ्या दगडाचा सरळ उभा सुळका आहे. उंची सुमारें दोनशें फूट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं ज्या लाव्ह्यानें आपलें दख्खनचें पठार घडविलें, त्या काळचा हा खडक. लाव्हा थंड होतांना आकसला आणि त्याचे उभे पैलूदार खांब बनले. खांबांची ती जुडी आजहि स्पष्ट दिसते. भोंवतीं इमारतींनीं वेढा घातला आहे, पण पायऱ्या चढून वर गेलें कीं गांवदेवीचें देऊळ आहे आणि सूर्यास्ताच्या वेळीं सारें उपनगर पायांशीं पसरलेलें दिसतें. चढतांना एकानें पुढें पळूं नये.

*शुक्रवार.* बोरिवलीचें संजय गांधी राष्ट्रीय उद्यान आणि त्यांतील कान्हेरीचीं लेणीं. शनिवार-रविवारीं येथें जत्रा असते आणि सोमवारीं उद्यान बंद, म्हणून शुक्रवार. अंधेरीहून गुंदवलीच्या मेट्रोनें 'राष्ट्रीय उद्यान' स्थानकावर उतरावें. प्रवेशद्वारापासून लेणीं सुमारें सहा किलोमीटर आंत आहेत; उद्यानाची बस तेथें जाते. सकाळीं लौकर निघावें, पाण्याची बाटली न्यावी, आणि माकडांसमोर खाण्याची पुडी सोडूं नये.

लेणीं शंभराहून अधिक आहेत. सर्व पाहण्याचा हट्ट धरणारा एकहि धड पाहत नाहीं. तिसऱ्या क्रमांकाचें चैत्यगृह पाहावें; त्याच्या ओसरींत दोन्ही टोकांस बुद्धाच्या वीस फुटांहून उंच मूर्ति उभ्या आहेत. अकराव्या लेण्यांत, ज्यास दरबार म्हणतात, दगडाचे लांब बांक आहेत. तेथें भिक्षूंची सभा भरे. मग वर चढावें. बहुतेक प्रत्येक लेण्याच्या बाजूस पाण्याची पोढी, म्हणजे खडकांत खोदलेलें टांकें आहे, आणि पावसाचें पाणी त्यांत आणणाऱ्या पन्हळी आहेत. कोरीव लेखांतून दान देणाऱ्यांचीं नांवें आढळतात; त्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत. नव्वदाव्या लेण्यांत तर पारशी प्रवाशांनीं १००९ आणि १०२१ सालीं येथें येऊन गेल्याची पहलवी लिपींतली नोंद आहे. सहलीस जाऊन भिंतीवर नांवें लिहिण्याची खोड किती जुनी, हें पाहून हंसूं येतें. परंतु आपण तिचें अनुकरण करूं नये!

वरच्या बाजूस एखाद्या ओट्यावर बसावें. झाडीपलीकडे बोरिवलीच्या उंच इमारती दिसतात, आणि आपल्याभोंवतीं मात्र पानांच्या सळसळीवांचून आवाज नसतो. बोलण्यासारखें असेल तें येथें बोलावें. नसेल तर गप्प बसावें. ज्यांचें बोलणें नेहमीं भाजी, शाळेची फी आणि पाहुण्यांचा वार यांतच संपतें, त्यांस पहिला तासभर काय बोलावें हें सुचत नाहीं. त्यानें घाबरून जाऊं नये. बिबट्यांचें रान असल्यानें दिवस मावळण्यापूर्वीं मात्र परत फिरावें.

*शनिवार.* सकाळीं कांहींहि करूं नये. संध्याकाळीं विलेपारल्यास जावें. टिळक विद्यालय १९२१ सालीं आणि लोकमान्य सेवा संघ १९२३ सालीं ज्या गांवानें उभारले, तें पार्लें आपल्या वाचकांस परकें वाटणार नाहीं. पारल्याचें दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह, बोरिवलीचें प्रबोधनकार ठाकरे आणि मुलुंडचें कालिदास यांच्या जाहिराती आधीं पाहून एक चांगलें नाटक निवडावें व तिकिटें घरूनच काढावीं. निवड सूनबाईंनीं करावी, असें आम्हीं बेतांत स्पष्ट लिहिलें आहे.

*रविवार.* मुलुंडहून पुलानें खाडी ओलांडली कीं ऐरोली. ठाण्याच्या खाडींतलें रोहित पक्ष्यांचें अभयारण्य २०१५ सालीं जाहीर झालें. हिंवाळ्यांत हजारों रोहित येथें उतरतात आणि पावसाळ्यापूर्वीं निघून जातात. खाडींतलें सूक्ष्म शेवाळ व जीव हें त्यांचें अन्न. त्यांतल्या रंगद्रव्यानेंच त्यांचे पंख गुलाबी होतात. ऐरोलीच्या वनखात्याच्या केंद्रांतून होडी निघते. ती भरतीच्या वेळेप्रमाणें सुटत असल्यानें आगाऊ चौकशी करून जागा राखावी. भरती जर शनिवारींच सोयीची असेल तर दिवसांची अदलाबदल करावी. परततांना संध्याकाळीं घाटकोपरास उतरून वल्लभबाग लेनच्या खाऊगल्लींत जावें. घाटकोपरांत गुजराती वस्ती मोठी. संक्रांतीच्या सुमारास ताजा उंधियु मिळतो, तो चुकवूं नये.

नातलग, फोन आणि मागें राहिलेलें मूल

मुंबईस जाऊन आप्तांस न कळविणें हा आपल्या समाजांत मोठा अपराध. म्हणून आम्हीं आधींच कळविलें, पण एका वाक्याची भर घालून: "मुलें या खेपेस भेटावयास येणार नाहींत, पुढील खेपेस अवश्य येतील." फक्त मुलुंडच्या मावशींकडे रविवारचें जेवण ठेविलें, कारण त्या थकल्या आहेत. दोघांनीं रागावून उत्तर दिलें. एका वहिनींनीं मात्र निराळ्यानें फोन करून सांगितलें, "फार चांगलें केलेंत."

भ्रमणध्वनीविषयीं नियम असा: रात्रीं नऊ वाजतां एकदां, तोहि नातीशीं बोलण्यासाठीं. डाळीचा डबा कोठें आहे हें विचारण्यास कोणीहि फोन करूं नये. डबा न सांपडल्यास त्या दिवशीं पिठलें करावें.

राहिला नातीचा प्रश्न. तो मातोश्रींनीं सोडविला. सूचनांचा गलका चालला असतां त्या इतका वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ती माझ्यापाशीं निजेल. मला कोणी कधीं पाठविलें नाहीं, म्हणून मी कोणास अडवावें असें कोठें आहे?" त्यापुढें कोणी बोललें नाहीं. ज्या घरांत मूल सांभाळावयास आजी, काकू, आत्या आहेत, त्याच घरांतल्या दोघांना निर्धास्तपणें बाहेर पडतां येतें. जी गर्दी त्यांस एरवीं बोलूं देत नाहीं, तीच त्यांस चार दिवस मोकळें करूं शकते. मात्र त्यासाठीं तिनें मनांत आणावयास हवें.

हा बेत आम्हीं स्वच्छ अक्षरांत उतरवून काढला आणि चिरंजीवांस देण्यापूर्वीं आमच्या कुटुंबाच्या हातीं वाचावयास दिला. त्यांनीं चष्मा लावून तो शेवटपर्यंत वाचला. मग पुन्हा गुरुवारचें पान काढलें आणि विचारलें, "त्या टेकडीला पायऱ्या किती आहेत हो? आपल्या गुडघ्यांना झेपतील का?"

फेब्रुवारींत थंडी असतेच, आणि रोहित पक्षीहि तोंवर गेलेले नसतात.