एका फ्रेमचे सात मिलिसेकंद

१४४ हर्ट्‌झचा मॉनिटर सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलतो. म्हणजे एका चित्राच्या, गेमिंगच्या भाषेत एका फ्रेमच्या, वाट्याला सात मिलिसेकंदसुद्धा येत नाहीत. तेवढ्यात माऊस कुठे सरकला, कोण कुठून धावतंय, गोळी भिंतीला लागली की माणसाला, झाडाची सावली कुठे पडते, हे सगळं ठरवायचं असतं आणि मग रंगवायचंही असतं. १४४०पी पडद्यावर ३६,८६,४०० ठिपके असतात. सेकंदाला १४४ वेळा म्हटलं तर त्रेपन्न कोटी ठिपके झाले, आणि हे तासन् तास चालतं.

पहिला गेमिंग पीसी असेंबल करायचा म्हटलं की बहुतेक जण आधी प्रोसेसर ठरवतात. माझं म्हणणं, आधी मॉनिटर ठरवा. किती ठिपके आणि सेकंदाला किती वेळा, एवढं पक्कं झालं की बाकीच्या प्रत्येक भागाकडून काय हवं ते कळत जातं. फुल एचडीवर ठिपके साधारण २१ लाख, फोर-केवर ८३ लाख. काम चौपट, आणि ते पेलणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची किंमतही त्याच दिशेने चढते. पहिल्या पीसीसाठी १४४०पी हा मला सर्वात समाधानाचा पल्ला वाटतो.

आता ग्राफिक्स कार्ड. समजा आरटीएक्स ५०७० घेतलं, तर त्यात ६,१४४ छोटे गणनाकोअर आहेत. इतके कशाला? कारण एका ठिपक्याचा रंग काढताना शेजारच्या ठिपक्यासाठी सहसा थांबावं लागत नाही. चौकात मोठी रांगोळी घालताना प्रत्येक जण आपापला चौकोन भरतो, तसंच हे. पण रंग हाताशी हवेत. या कार्डावरची १२ जीबी मेमरी सेकंदाला ६७२ गीगाबाइट माहिती पुरवते. गेममधल्या भिंती, कपडे, कातडी यांची चित्रं तिथे मावली नाहीत, तर ती मदरबोर्डवरच्या रॅममधून आणावी लागतात आणि त्या वाटेचा वेग याच्या एक दशांशही नसतो. खेळ मध्येच अडखळतो तो बऱ्याचदा इथेच. म्हणून कार्ड निवडताना नावातल्या आकड्याइतकंच मेमरीच्या आकड्याकडेही बघा.

प्रोसेसरची गोष्ट मला याहून थक्क करणारी वाटते. पाच गीगाहर्ट्‌झचा प्रोसेसर सेकंदाला पाचशे कोटी ठोके टाकतो. एका ठोक्यात प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जातो आणि तांब्याच्या तारांमधला संदेश त्याहून कमी. बोर्डावर रॅम तर तळहाताएवढ्या अंतरावर बसलेली. तिथून एखादी गोष्ट मागवून ती हाती येईपर्यंत तीनशेहून जास्त ठोके वाया जातात. यावर उपाय म्हणून प्रोसेसरच्या पोटातच कॅश नावाची चिमुकली, अतिवेगवान मेमरी असते. रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये एएमडीने प्रोसेसरच्या चकतीवर मेमरीची आणखी एक चकती रचली आणि ही कॅश ९६ एमबीवर नेली. २०२३ साली आलेला हा आठ कोअरचा प्रोसेसर कितीतरी गेममध्ये दुप्पट कोअरवाल्यांना मागे टाकत होता, कारण त्याला वाट कमी बघावी लागत होती. बजेट आखडतं असेल तर रायझन ५ ७६०० घ्या आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डाला द्या. दोन्ही एएम५ सॉकेटवर बसतात, तेव्हा पुढे बदलायची वाट मोकळी राहते.

रॅम ३२ जीबी, पण १६ च्या दोन पट्ट्या. प्रोसेसरकडे जाणारे रस्ते दोन आहेत. एकच पट्टी लावली तर एक रस्ता रिकामा पडतो. साठवणीला एक टीबीची एनव्हीएमई एसएसडी पुरे.

सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर मात्र काटकसर करू नका. कोटेशनमध्ये सगळ्यात आधी कात्री लागते ती यालाच, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ग्राफिक्स चिप चालते जेमतेम एका व्होल्टवर. दोनशे वॉट एका व्होल्टने द्यायचे म्हणजे दोनशे अँपिअर! तुमच्या घराच्या मुख्य एमसीबीतूनही एवढा प्रवाह जात नाही. भिंतीतले २३० व्होल्ट एसएमपीएस १२ वर आणतो, कार्डावरची सर्किटं त्याचा एक करतात, आणि चिपची मागणी मिलिसेकंदात उसळून पुन्हा खाली येते. या कार्डासाठी ६५० वॉटचा, नावाजलेल्या बनावटीचा हवाच.

त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णता होते. पंखे ती फक्त खोलीतल्या हवेत सोडतात, त्यामुळे नागपूरच्या मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल तर चिपही २५ अंशांच्या खोलीतल्यापेक्षा साधारण त्या फरकाएवढीच जास्त तापणार. समोरून बंद काचेचं कॅबिनेट देखणं दिसतं खरं, तरी आपल्याकडे जाळीचंच घ्या आणि जाळीवरची धूळ पुसत राहा.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या चिपा तैवानमध्ये टीएसएमसीने बनवलेल्या, रॅम कुठली, कॅबिनेट कुठलं. हे भाग एकमेकांना पहिल्यांदा भेटतात मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या एखाद्या दुकानात किंवा तुमच्या टेबलावर, आणि तरीही स्क्रूची भोकं जुळतात, कारण मदरबोर्डची मापं सांगणारं एटीएक्स हे मानक १९९५ पासून सगळे पाळत आले आहेत.

पहिल्यांदा बटण दाबाल तेव्हा पंखे फिरतील आणि पडदा काळाच राहील, कधी कधी काही मिनिटं. घाबरून वीज बंद करू नका. डीडीआर५ रॅमशी बोलायचं कसं, हे मदरबोर्ड त्या वेळी शिकत असतो. प्रत्येक तारेवरचा संदेश नेमका कधी वाचायचा, हे तो सेकंदाच्या अब्जांशाहूनही बारीक मापाने जुळवून घेतो. एकदा जमलं की बायोसमध्ये जाऊन एक्स्पो हा रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारा पर्याय चालू करा, नाहीतर ६००० ची म्हणून घेतलेली रॅम ४८०० वरच धावत राहील. मॉनिटरची केबल मदरबोर्डला न लावता ग्राफिक्स कार्डालाच लावा. आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० च्या जागी १४४ हर्ट्‌झ निवडायला विसरू नका.