वारशाची गाडी, परके इंजिन

मुंबई, प्रतिनिधी : शहरातील जुन्या सोसायट्यांच्या आवारात, ताडपत्रीखाली झाकलेली एखादी ‘प्रीमियर पद्मिनी’ अजूनही दिसते. आजोबांनी नंबर लावून, वर्षानुवर्षे वाट पाहून घेतलेली ही गाडी पुढे वडिलांकडे आणि त्यांच्या पश्चात मुलांकडे येते. भंगारात द्यायला मन धजत नाही आणि चालवावी म्हटले तर इंजिन साथ देत नाही. अशा वेळी गॅरेजमधून एक सल्ला हमखास मिळतो. जुने इंजिन काढून टाका, मारुतीचे इंजेक्शनचे इंजिन बसवा, गाडी नव्यासारखी पळेल! तांत्रिकदृष्ट्या हा सल्ला खोटा नाही. मात्र तो देताना गाडीच्या नोंदणी पुस्तकाचा विचार क्वचितच होतो आणि गाडीचे पुढचे आयुष्य नेमके त्या पुस्तकावरच अवलंबून असते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यात ही गाडी तयार होत असे. १९६४ मध्ये आलेली ‘फियाट ११०० डिलाइट’ पुढे १९७० च्या दशकात ‘पद्मिनी’ झाली आणि २००० च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूपही हेच. टॅक्सींसाठी २० वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली. खासगी मालकीच्या पद्मिनी मात्र आजही आहेत. त्यांतील बहुतेक वारसांच्या हाती आहेत.

या गाडीचे इंजिन १०८९ सीसीचे. कार्ब्युरेटर, हाताने ओढायचा चोक, पॉइंट आणि कंडेन्सर अशी साधी रचना आणि सुमारे ४० अश्वशक्ती. हे इंजिन मजबूत असले, तरी अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला धरून बसतात, पाण्याच्या जॅकेटमध्ये गंज साचतो, वॉटर पंप गळू लागतो. त्यात इंधनाची भर पडली आहे. २०२५ पासून देशभरातील पंपांवर सर्रास २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरमधील गॅस्केट या इंधनासाठी बनवलेले नाहीत. ते फुगतात, चिरतात. इथेनॉल हवेतील पाणी शोषून घेत असल्याने उभ्या गाडीच्या पत्र्याच्या टाकीत गंजही लवकर धरतो. चढावर धापा टाकणारी, सिग्नलला बंद पडणारी गाडी पाहून मालकाला नव्या इंजिनाचा मोह होणे स्वाभाविक आहे.

पण कोणते इंजिन? पहिली अडचण इथेच येते. पद्मिनीचे इंजिन लांबीच्या दिशेने उभे असते आणि मधल्या प्रॉपेलर शाफ्टमधून मागची चाके फिरवते. ‘मारुती ८००’, ‘अल्टो’ किंवा ‘सँट्रो’ यांसारख्या छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असते आणि पुढची चाके फिरतात. ते इंजिन पद्मिनीच्या बॉनेटखाली मावले तरी त्याचा गिअरबॉक्स निरुपयोगी ठरतो. त्यामुळे हे काम करणारी गॅरेजे ‘ओम्नी’, ‘व्हर्सा’, ‘ईको’ किंवा ‘जिप्सी’ यांच्या इंजिनाकडे वळतात. ही इंजिने लांबीच्या दिशेने बसवलेली असतात. व्हॅनमधील इंजिन मात्र आसनाखाली बसण्यासाठी रचलेले असते. त्याचे ऑइल चेंबर आणि एक्झॉस्टची दिशा पद्मिनीच्या पुढच्या क्रॉस मेंबरशी आणि स्टिअरिंगच्या दांड्यांशी जुळतेच असे नाही. मग चेंबर कापून पुन्हा वेल्डिंग करावे लागते, माउंटिंग नव्याने घडवावी लागतात, प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलून त्याचे बॅलन्सिंग करावे लागते. शाफ्टचा कोन थोडा जरी चुकला, तरी ठरावीक वेगाला संपूर्ण गाडी थरथरते. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडाही बहुधा निरोप घेतो आणि फरशीला भोक पाडून नवा दांडा उभा राहतो. ज्या दांड्यावर घरातील दोन पिढ्या गाडी शिकल्या, तोच असा जातो.

इंजेक्शनच्या इंजिनाला नुसते पेट्रोल आणि ठिणगी पुरत नाही. टाकीत किंवा टाकीजवळ उच्च दाबाचा विजेचा पंप, दाब सहन करणाऱ्या नळ्या, क्रँकची स्थिती सांगणारा सेन्सर, एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर आणि या सर्वांना जोडणारे वायरिंग मूळ गाडीतून जसेच्या तसे आणावे लागते. ज्या गाड्यांत चोरीविरोधी इमोबिलायझर असतो, त्यांचा संगणक आणि किल्ली जोडीनेच आणाव्या लागतात. अन्यथा इंजिन सुरूच होत नाही. भंगारातून केवळ इंजिन उचलून आणणाऱ्यांचे काम इथेच महिनोन्‌महिने अडून राहते.

सर्वांत दुर्लक्षित बाब ब्रेकची. इंजेक्शनच्या ‘जिप्सी’चे १२९८ सीसीचे इंजिन सुमारे ८० अश्वशक्ती देते. म्हणजे मूळ इंजिनाच्या जवळजवळ दुप्पट. गाडीला थांबवणारी यंत्रणा मात्र तीच, चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली आणि ४० अश्वशक्तीच्या हिशेबाने आखलेली. मागचा डिफरन्शियल, अॅक्सल आणि लीफ स्प्रिंगही त्याच हिशेबाचे. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगाने सहज धावणारी आणि थांबताना मात्र दम लागणारी पद्मिनी ही मालकासाठी आणि इतरांसाठीही धोकादायक वस्तू आहे.

हे सारे पैसे आणि कसब यांच्या जोरावर सोडवता येईल. कायद्याचे तसे नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा कोणताही बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हेच तत्त्व ठामपणे मांडले. त्याच बनावटीचे आणि त्याच प्रकारचे इंजिन बसवणे ही वेगळी गोष्ट. पद्मिनीत दुसऱ्या पद्मिनीचे इंजिन बसवून, खरेदीची पावती दाखवून, प्रादेशिक परिवहन कार्यालयात नवा इंजिन क्रमांक नोंदवण्याचा मार्ग खुला आहे. दुसऱ्या कंपनीचे, वेगळ्या क्षमतेचे इंजिन त्यात बसत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १८२ अ बदलले आणि अशा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद झाली.

‘रस्त्यावर बॉनेट कोण उघडून पाहतो?’ हा युक्तिवाद गॅरेजमध्ये नेहमीचा आहे. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते. त्या वेळी मोटार वाहन निरीक्षक बॉनेट उघडतो, चासी क्रमांकाचा पेन्सिलने ठसा घेतला जातो आणि इंजिन क्रमांक पुस्तकाशी ताडून पाहिला जातो. अपघात झाला, तर विमा कंपनीचा सर्वेक्षकही हेच करतो. न कळवलेला फेरफार हे दावा नाकारण्यासाठी कंपनीच्या हाती आयते मिळालेले कारण असते. जुन्या बाजारातून आणलेले इंजिन चोरीच्या गाडीचे निघाले, तर प्रकरण आणखी वेगळ्या वळणाला जाते.

कंपन्यांनी हेच केले होते, मग मालकाने का करू नये, असाही प्रश्न विचारला जातो. प्रीमियरनेच १९८० च्या दशकाच्या मध्यावर फियाट १२४ च्या धर्तीची बॉडी आणि निसानचे ११७१ सीसीचे इंजिन एकत्र आणून ‘११८ एनई’ काढली. हिंदुस्थान मोटर्सने ‘अॅम्बॅसिडर’मध्ये इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन बसवले आणि त्या गाडीला नवे आयुष्य मिळाले. फरक इतकाच, की तेथे उत्पादकाने संपूर्ण गाडीची चाचणी करून त्या स्वरूपात मान्यता घेतली होती. एकट्या गाडीसाठी असा मार्ग व्यवहारात नाही. इंधन बदलण्याला मात्र कायद्याने वाट ठेवली आहे. मुंबईतील पद्मिनी टॅक्सींच्या डिकीत सीएनजीची टाकी आली ती याच तरतुदीने, मूळ इंजिन जागेवर ठेवून. आता विजेवर चालणाऱ्या मोटारीचा संचही बसवता येतो, पण तो पुण्याच्या ‘एआरएआय’सारख्या संस्थेने त्या विशिष्ट प्रकारच्या वाहनासाठी मान्य केलेला हवा आणि बदलाची नोंद पुस्तकात व्हायला हवी.

वारसांनी लक्षात घ्यावी अशी आणखी एक तरतूद जुलै २०२१ मधील आहे. केंद्र सरकारने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक जुन्या दुचाकी आणि चारचाकींसाठी ‘व्हिंटेज’ वाहनांची स्वतंत्र नोंदणी सुरू केली. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. यासाठीची मुख्य अट म्हणजे गाडी मूळ स्वरूपात हवी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. १९७० च्या दशकातील पद्मिनी एकामागून एक पन्नाशी ओलांडत आहेत. नेमक्या याच वेळी इंजिन उपटून फेकणे म्हणजे दारात आलेली संधी हाकलून देणे होय. विजेचा संचही या बाबतीत उपयोगाचा नाही.

म्हणून इंजिन उचलण्याआधी कागदपत्रे उचलावीत. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे आणि तीन महिन्यांत नमुना ३१ भरून गाडी नावावर करून घेणे अपेक्षित असते. कित्येक घरांत ती दहा-दहा वर्षे दिवंगत वडिलांच्याच नावावर राहते आणि नूतनीकरणाच्या वेळी सर्व वारसांच्या सह्या गोळा करताना नाकी नऊ येतात.

त्यानंतर मूळ इंजिनाचे काम. मिस्त्री ज्याला ‘फुल इंजिन’ म्हणतात, त्यात सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसवतात, क्रँक घासून नव्या मापाचे बेअरिंग घालतात, व्हॉल्व्ह आणि गाइड बदलतात. हे इंजिन उघडे-सोपे आहे आणि ते जाणणारे जुन्या पिढीतील मिस्त्री अजून हयात आहेत, ही जमेची बाजू. ते फार काळ राहणार नाहीत, हेही खरे. पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, डायनामोऐवजी अल्टरनेटर, रेडिएटरला विजेचा पंखा, इथेनॉल सहन करणारे पाइप असे बदल गाडीची रोजची कटकट बरीच कमी करतात आणि सुटे भाग जपून ठेवले तर केव्हाही मागे फिरवता येतात.

काही घरांत प्रश्न उलटा असतो. गाडी हाती येते तेव्हा वडिलांनीच कधीतरी, डिझेल स्वस्त असताना, दुसरे इंजिन टाकलेले असते आणि पुस्तकात मात्र जुनाच क्रमांक असतो. अशा वारसाने ब्लॉकवरील क्रमांक पुसून पाहावा, पुस्तकाशी जुळवावा आणि जुळत नसेल तर गाडी रस्त्यावर आणण्याआधी काढून ठेवलेल्या मूळ इंजिनाचा शोध घ्यावा. असे इंजिन माळ्यावर किंवा ओळखीच्या गॅरेजच्या मागच्या बाजूला गोणपाटात गुंडाळलेले सापडू शकते.