दशांश चिन्हापुढचे आकडे

महाराष्ट्रातील विद्यापीठांत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला आपले संशोधन परक्या माणसांपुढे मांडण्याची पहिली संधी बहुधा ‘आविष्कार’मध्ये मिळते. कुलपती कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ साली सुरू झालेल्या या आंतरविद्यापीठीय संशोधन संमेलनात विद्यार्थी आधी आपल्या पोस्टरशेजारी उभे राहून परीक्षकांना सामोरे जातात आणि त्यांतून निवडलेले पुढे व्यासपीठावरून सादरीकरण करतात. तयारीचा बराचसा वेळ पोस्टरची रंगसंगती आणि तोंडपाठ केलेले निवेदन यांवर खर्ची पडतो. कस मात्र लागतो तो निवेदन आटोपल्यानंतर येणाऱ्या प्रश्नांत.

विज्ञान शाखेत हमखास आढळणारा एक प्रकल्प म्हणजे विहिरीच्या पाण्याच्या दुष्फेनतेचे मापन. दुष्फेनता म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे पाण्याला साबणाचा फेस न येण्याचा गुण. पन्नास मिलिलिटर नमुन्यात सामू दहाच्या आसपास राखणारे बफर आणि एरिओक्रोम ब्लॅक टी हा दर्शक घालून, ब्युरेटमधून ईडीटीएचे ०.०१ मोलर द्रावण थेंबाथेंबाने सोडले जाते आणि मद्यासारखा लालसर रंग जाऊन निळा येतो त्या क्षणी तोटी बंद केली जाते. समजा तीन वेळच्या नोंदी १८.४, १८.४ आणि १८.५ मिलिलिटर अशा आल्या, तर त्यांच्या सरासरीवरून पोस्टरवर ‘३६८.६७ मिलिग्रॅम प्रतिलिटर’ असा आकडा छापला जातो आणि नेमक्या त्याच आकड्यावर जाणत्या परीक्षकाचे बोट पडते.

दशांश चिन्हापुढचे हे दोन अंक आले कोठून, या प्रश्नाचे खरे उत्तर ‘कॅल्क्युलेटरमधून’ असे आहे. नेहमीच्या ब्युरेटवरील सर्वांत लहान भाग ०.१ मिलिलिटरचा असतो आणि या पद्धतीत तेवढा फरक म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅमचा फरक होय. तेव्हा शतांशापर्यंतची अचूकता त्या उपकरणात नाहीच. हे ओळखून ३६९च्या आसपास असे मोघम वाटणारे, पण प्रामाणिक उत्तर देणारा विद्यार्थी परीक्षकाचा विश्वास मिळवतो, तर ‘सरांनी असेच लिहायला सांगितले’ हे उत्तर उरलेल्या सगळ्या पोस्टरवरचाच विश्वास उडवते. खेदाची गोष्ट अशी की, पुष्कळदा सरांनी खरोखरच तसे सांगितलेले असते.

यानंतरचा प्रश्न सहसा व्याप्तीचा असतो. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या मानकानुसार पिण्याच्या पाण्यातील एकूण दुष्फेनतेची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ती ६००पर्यंत चालवून घेतली जाते. म्हणून ‘हे पाणी पिण्यास अयोग्य’ असा एका ओळीचा निष्कर्ष टिकत नाही. शिवाय दख्खनच्या बेसाल्टमध्ये भूजल मुख्यतः खडकाच्या झिजलेल्या थरांतून आणि भेगांतून वाहत असल्यामुळे शेजारच्या दोन विहिरींचे पाणीही सारखे असेलच असे नाही, आणि पावसाळ्यानंतर पाणी मुरले की क्षारांचे प्रमाण बदलते. चार विहिरींचे मे महिन्यातील नमुने हाती असताना शीर्षकात मात्र अख्ख्या तालुक्याचे भूजल घालणारा विद्यार्थी आपला बचाव आपणच अवघड करून ठेवतो. शीर्षकात विहिरींची संख्या आणि महिना लिहिला असता, तर निम्मे प्रश्न उद्भवलेच नसते.

उत्तर ठाऊक नसेल तेव्हा ‘हे तपासलेले नाही, तपासायचे झाल्यास पावसाळ्यानंतर त्याच विहिरींचे नमुने पुन्हा घ्यावे लागतील’ असे सांगण्यात कमीपणा नाही, कारण परीक्षक बहुतांशी माहितीपेक्षा विचाराची पद्धत जोखत असतो. हे सुचण्यासाठी सराव लागतो, आणि तो मार्गदर्शकासमोर करून फारसा उपयोग नाही, कारण त्याला प्रकल्प आधीच माहीत असतो आणि न सांगितलेले दुवेही तो मनातल्या मनात जोडून घेतो. अर्थशास्त्राच्या किंवा मराठीच्या प्राध्यापकांना पोस्टरपुढे उभे करून त्यांचे प्रश्न झेलावेत. संमेलनाला जाताना प्रयोगवहीही बरोबर घ्यावी. मात्र ती रात्री बसून सुवाच्य अक्षरात उतरवून काढलेली नसावी, तर खाडाखोड असलेली आणि द्रावणाचे डाग पडलेली मूळ वही असावी.