रानवाटेची शर्यत

गोंदिया जिल्हा हा धानाचा आणि तलावांचा मुलूख. कापणी आटोपली, की बांध्या मोकळ्या होतात. धुऱ्यांवरून, बोडीच्या पाळीवरून आणि जंगलाच्या कडेने जाणाऱ्या पाऊलवाटा स्पष्ट दिसू लागतात. या वाटांनी चालत जाणे कोणालाही जमते. परंतु त्याच वाटांनी सलग दहा किलोमीटर धावावयाचे म्हटले, तर? कोठे भुसभुशीत माती, कोठे चिखल, कोठे चढण, तर कोठे ओलांडावयाचा नाला! अशा उंचसखल, मोकळ्या भूमीवरून धावण्याच्या शर्यतीस ‘क्रॉस कंट्री’ असे म्हणतात. मराठीत तिला ‘रानवाटेची शर्यत’ म्हणता येईल.

मैदानावरील शर्यत आणि ही शर्यत यांत मोठे अंतर आहे. मैदानावरील धावपट्टी चारशे मीटरांची, सपाट आणि सर्वत्र सारखी असते. म्हणून एका गावी झालेला विक्रम दुसऱ्या गावच्या विक्रमाशी ताडून पाहता येतो. रानवाट मात्र प्रत्येक ठिकाणी निराळी. त्यामुळे या शर्यतीत घड्याळाला फारसे महत्त्व नसते. कोण कितव्या क्रमांकाने आला, हेच मुख्यतः पाहिले जाते.

या शर्यतीचा उगम विद्यार्थ्यांच्याच एका खेळात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील रग्बी, श्रूझबरी इत्यादी शाळांतील मुले पाठलागाचा एक खेळ खेळत. काही मुले ‘ससे’ होऊन कागदाचे कपटे टाकीत पुढे पळत आणि उरलेली मुले त्या कपट्यांचा माग काढीत, कुंपणे, ओढे व शेते ओलांडीत त्यांच्या मागे धावत. पुढे ही मुले महाविद्यालयांत गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर धावण्याची हौसही तेथे गेली. १८५० मध्ये ऑक्सफर्डच्या एक्झिटर महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी दोन मैलांची, वाटेत अडथळे असलेली एक शर्यत लावली. १८८० मध्ये ऑक्सफर्ड व केंब्रिज या दोन विद्यापीठांचे संघ रानवाटेवर प्रथमच परस्परांशी झुंजले. त्यांची ही चुरस आजही चालू आहे.

येथे एक प्रश्न कोणाच्याही मनात येईल. धावणारा तर आपल्या पायांनी एकटाच धावतो; मग धावणाऱ्यांचा ‘संघ’ कसा होतो? या प्रश्नाच्या उत्तरातच या शर्यतीचे खरे वैशिष्ट्य आहे. निरनिराळ्या स्पर्धांचे नियम थोडेफार वेगळे असतात. जागतिक स्पर्धेत एका संघाचे सहा धावपटू धावतात आणि त्यांपैकी पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज केली जाते. ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी, तो संघ विजयी.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या संघाचे तीन धावपटू पहिला, दुसरा व तिसरा आले. परंतु त्यांचा चौथा गडी मागे पडून तिसावा आला. त्यांची बेरीज झाली ३६. दुसऱ्या संघाचा एकही गडी पहिल्या पाचांत नव्हता. पण त्याचे चौघे सहावा, सातवा, आठवा व नववा असे एकापाठोपाठ आले. त्यांची बेरीज झाली ३०. म्हणजे पहिल्या तीन क्रमांकांचा मान एका संघाला मिळाला आणि सांघिक विजय मात्र दुसऱ्याने मिळविला! दोन संघांची बेरीज सारखीच झाली, तर ज्या संघाचा चौथा गडी पुढे असेल, तो संघ श्रेष्ठ ठरतो. सारांश, सर्वांत वेगवान गड्याइतकाच चौथा गडीही येथे मोलाचा असतो.

या नियमाची कसोटी १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये लागली. त्या काळी ऑलिंपिकमध्ये रानवाटेची शर्यत होत असे आणि संघाचे पहिले तीन गडी मोजले जात. त्या दिवशी पॅरिसमध्ये असह्य उष्मा होता. ३८ धावपटूंनी शर्यत सुरू केली. परंतु उन्हाच्या तडाख्याने एकामागून एक धावपटू कोसळू लागले. अखेरपर्यंत पोहोचले केवळ १५. फिनलंडचे विख्यात धावपटू पावो नूर्मी पहिले आले आणि त्यांचेच सहकारी विले रितोला दुसरे आले. तथापि तिसरा गडी आल्यावाचून संघाचा विजय पुरा होणार नव्हता. तो तिसरा गडी, हाइकी लीमाताइनेन, अंतिम रेषेजवळ येऊन थांबला. ग्लानीमुळे त्याला दिशेचे भान राहिले नव्हते. तो उलटाच वळला. अखेर तो सावरला आणि चालत चालत त्याने ती रेषा ओलांडली. तो बारावा आला; पण त्याच्या त्या थोड्या पावलांनी फिनलंडला सांघिक सुवर्णपदक मिळाले. या प्रसंगानंतर ही शर्यत ऑलिंपिकमधून वगळण्यात आली. पुढे १९७३ पासून तिच्या स्वतंत्र जागतिक स्पर्धा भरू लागल्या.

लांब पल्ल्याच्या धावण्याची आवड महाराष्ट्राच्या मातीत जुनी आहे. १९१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने भरविलेल्या क्रीडास्पर्धांच्या वेळी सर दोराबजी टाटा उपस्थित होते. शेतकरी घरांतील तरुण तेथे अनवाणी धावत होते. त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण असे मिळालेले नव्हते. तरीही त्यांचा वेग पाहून दोराबजी चकित झाले. या तरुणांनी जगाच्या स्पर्धेत उतरावे, असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले. त्यांतील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉन शर्यत २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळविला.

त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी बीड जिल्ह्यातील मांडवा या गावचा एक तरुण याच वाटेने पुढे आला. अविनाश साबळे हे त्याचे नाव. लहानपणी वाहनाची सोय नसल्यामुळे शाळेची सहा किलोमीटरांची वाट तो कधी चालत, कधी धावत तुडवीत असे. बारावीनंतर तो सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनची हाडे गोठविणारी थंडी आणि राजस्थानचे रखरखीत ऊन या दोहोंचा अनुभव त्याने घेतला. २०१५ मध्ये सहकाऱ्यांच्या आग्रहावरून तो सैन्याच्या क्रॉस कंट्री शर्यतीत उतरला. रानवाटेवरील त्याचे धावणे पाहून प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला ‘स्टीपलचेस’ या शर्यतीकडे वळविले. तीन हजार मीटरांच्या या शर्यतीत २८ वेळा अडथळे आणि ७ वेळा पाण्याचा खळगा ओलांडावा लागतो. ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनी १८५० मध्ये रानात लावलेल्या शर्यतीचेच हे मैदानावरील रूप होय! २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे यांनी केनियाच्या बलाढ्य धावपटूंशी झुंज देऊन रौप्यपदक पटकाविले. सुवर्णपदक केवळ एका सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकले. पुढील वर्षी हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धेत मात्र त्यांनी सुवर्णपदक मिळविलेच.

असे यश एका दिवसात पदरात पडत नाही. रानवाटेवर धावणाऱ्याने आरंभीच सारी शक्ती खर्च केली, तर चढणीवर त्याची छाती भरून येते. म्हणून चढणीवर पावले लहान टाकावी, उताराला तोल सांभाळावा आणि शेवटच्या टप्प्यासाठी दम राखून ठेवावा, हे त्याला सरावाने शिकावे लागते. हा सराव संघाने मिळून करावयाचा असतो. पुढच्याने मागच्याची गती वाढवावयाची आणि मागच्याने पुढच्याला सोडावयाचे नाही, हीच त्यातील खरी शिस्त होय.

१९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाशी गोंदिया जिल्ह्यातील महाविद्यालये संलग्न आहेत. या विद्यापीठातही आंतरमहाविद्यालयीन क्रॉस कंट्री शर्यती होतात आणि त्यांतून विद्यापीठाचा संघ निवडला जातो. शर्यतीत पहिला येणारा एकच असतो. त्याच्या गळ्यात माळ पडते आणि ते योग्यच आहे. परंतु तो येऊन गेल्यावरही पुष्कळ वेळाने धुळीने माखलेला, धापा टाकणारा एखादा धावपटू दूरवरच्या वळणावर दिसतो. त्याला कोणी ओळखत नसेल. तरी त्याचे सहकारी अंतिम रेषेपाशी उभे राहून त्याची वाट पाहत असतात. त्याने गाठलेल्या प्रत्येक क्रमांकावर साऱ्यांचा विजय अवलंबून असतो, हे त्यांना ठाऊक असते. आणि ते ठाऊक असल्यामुळेच तोही थांबत नाही.