लाल गाडीचा दरवाजा

आमच्या दिवाणखान्यात, पुस्तकांच्या कपाटाशेजारी, एका जीपचा दरवाजा भिंतीला टेकून उभा आहे. जीप नाही, नुसता दरवाजा. नवा पाहुणा आला की प्रथम सभ्यपणे त्याच्याकडे दुर्लक्ष करतो, चहाचा अर्धा कप संपवतो आणि मग न राहवून विचारतो, "हे काय?" मी खुलासा करण्यापूर्वीच आमच्या सौभाग्यवती उत्तर देतात, "आधी दरवाजा आणलाय. गाडी हप्त्याहप्त्याने येणार आहे!"

थट्टा सोडा, पण हा दरवाजा साधा नाही. तो एका अग्निशामक अधिकाऱ्याच्या लाल जीपचा आहे. ती जीप मी एकदाच, सातवीत असताना, चालती पाहिली होती.

त्यासाठी आमच्या वणीची थोडी ओळख करून दिली पाहिजे. यवतमाळ जिल्ह्याचे हे पूर्वेकडचे टोक. १९०५ पर्यंत साऱ्या जिल्ह्यालाच इंग्रज सरकार 'वूण' म्हणजे वणीचा जिल्हा म्हणत असे. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली येथलाच. पण आमच्या गावाचे पोट भरले ते कापसाने, आणि पुढे कोळशाने. देवाने एकाच गावाला दोन वरदाने दिली आणि दोन्ही पेट घेणारी दिली! कोळशाला तर काडीसुद्धा लागत नाही. ढीग तसाच पडून राहिला की हवा आत शिरते, आतल्या आत ऊब वाढत जाते, आणि एके दिवशी ढिगातून धूर निघू लागतो. कापसाची तऱ्हा याहून कपटी. जिनात कापसाबरोबर एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा गेला की ठिणगी उडते. ती रुईत दडून बसते. त्या रुईची दाबून गाठ बांधली तरी ती मरत नाही. वाळवीसारखी आत कुरतडत राहते. वरून कितीही पाणी ओता, दाबलेल्या गाठीच्या पोटात ते शिरत नाही. बाहेरून गाठ काळी पडते, विझली असे वाटते, लोक घरी जातात आणि पहाटे पुन्हा आरडाओरडा होतो.

असाच आरडाओरडा त्या उन्हाळ्यात झाला. आमच्या शाळेच्या वाटेवरच्या एका जिनाच्या आवारात कापसाच्या गंज्या होत्या, त्यांतली एक पेटली. आम्ही मुले अर्थातच धावलो. लोक बादल्या घेऊन पळत होते, मालक डोक्याला हात लावून बसला होता, प्रत्येक जण प्रत्येकाला हुकूम सोडत होता. शेजारच्या मोठ्या गावाहून बंब निघाल्याची बातमी आली. आणि बंबाच्या आधी, धूळ उडवीत, घंटा वाजवीत एक छोटी लाल जीप आली.

आमची घोर निराशा झाली. तिच्यात पाणी नव्हते, नळी नव्हती, शिडीही नव्हती. खाकी पोशाखातले एक गृहस्थ उतरले. ते धावलेसुद्धा नाहीत. जळत्या गंजीभोवती त्यांनी सावकाश एक पूर्ण फेरी मारली, मूठभर धूळ उचलून हवेत सोडली, वारा कुठे वाहतो ते पाहिले, आणि पेटलेल्या गंजीकडे पाठ करून न पेटलेल्या दोन गंज्यांकडे बोट दाखवले. "ह्या हलवा. ती जाऊ द्या." मालक कळवळला. पण बादल्यांचा लोंढा वळला, आणि बंब येईपर्यंत वाऱ्याच्या वाटेतला कापूस दूर झाला होता. एक गंजी गेली, जिन वाचला.

त्या लाल जीपमध्ये काय भरलेले असते ते मला त्या दिवशी कळले, जरी शब्दांत सांगता यायला पुढे वर्षे लागली. बंब पाणी आणतो. ही गाडी निर्णय आणते. जगभर तिची रीत हीच. घोड्यांच्या काळात जड बंब तीन-तीन घोडे ओढत, आणि प्रमुख मात्र एका घोड्याच्या हलक्या बग्गीतून पुढे निघे. पुढे बग्गीची मोटार झाली. बंब पोचण्यापूर्वी कोणीतरी शांत डोक्याने आगीभोवती फिरून आलेले असावे, एवढाच तिचा हेतू.

निर्णय न झाला तर काय होते याचा आपल्याकडचा दाखला मुंबईच्या गोदीत आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' हे जहाज पेटले. त्यात कराचीला चढवलेल्या कापसाच्या गाठी होत्या आणि त्यांच्या सोबतीला सुमारे १४०० टन दारूगोळा. धूर दुपारीच दिसला होता. जहाज बुडवावे, गोदीबाहेर ओढून न्यावे की जागीच विझवावे, याचा निकाल वेळेत लागला नाही. हुकूम एकाच्या हाती नव्हता. बंबवाले पाणी मारीत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी स्फोट झाला. दलाचे ६६ जवान गेले. प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्फोटाच्या धक्क्याने दूर फेकले गेले, पण वाचले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. आमच्या जिनवाल्या गावातल्या माणसाला त्या कहाणीतल्या कापसाच्या गाठी विशेष ओळखीच्या वाटतात.

आता त्या दरवाजाकडे येतो. नोकरीनिमित्त बदल्या होत होत मी अखेर वणीला स्थिर झालो. एका स्नेह्याने सहज सांगितले की तुझी ती लाल जीप लिलावात गेली, कोणी तरी तिला निळा रंग देऊन भाजी वाहायला वापरली, आणि आता ती अमुक गावच्या भंगारात पडली आहे. मी दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली. भंगारवाला सज्जन होता. हळहळून म्हणाला, "भाऊ, काल याचं होतं ना! काल कापली." काट्यावर तिचा चेसिस तुकड्यांत पडला होता. एक दरवाजा तेवढा कोंबड्यांच्या खुराड्याला लावण्यासाठी त्याने बाजूला ठेवला होता. निळ्या रंगाचा पोपडा नखाने खरवडला तर खाली लाल रंग, आणि त्यावर पिवळ्या अक्षरांत '...शामक'. 'अग्नि' गाडीच्या दुसऱ्या पत्र्यावर गेली होती. पत्र्याच्या भावाने मी तो विकत घेतला आणि एसटीच्या टपावर चढवला. कंडक्टरने त्याचे सामानाचे तिकीट फाडले, हेही नमूद केले पाहिजे.

तेव्हापासून मला हे वेड लागले. खऱ्या गाड्या जमवणे माझ्या पेन्शनीच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून मी छोट्या जमवतो. लहानपणी आमच्या हाती लाकडी बैलगाडी असे, पण इंग्लंड-अमेरिकेतल्या पोरांच्या हाती अग्निशमन प्रमुखाची लाल गाडी असे. इंग्लंडच्या लेस्नी कंपनीने मॅचबॉक्समध्ये १९६३ साली ५९ क्रमांकावर फोर्ड फेअरलेन काढली आणि १९६६ साली त्याच क्रमांकावर फोर्ड गॅलक्सी. दोन्ही जेमतेम बोटभर लांबीच्या, लाल, टपावर दिवा. कॉर्गीची शेव्हर्ले इम्पाला १९६३ ची. डिंकीची रेंज रोव्हर नंतरच्या दशकातली. अमेरिकेत तर मुलांना बसून पायाने चालवायच्या पत्र्याच्या गाड्यांवर हेच नाव आणि हुडावर घंटा असे; आणि टेक्साको कंपनीने १९३२ साली आपल्या पेट्रोललाच 'फायर चीफ' हे नाव दिले. माझ्याकडे मुंबईच्या चोरबाजारातून, नागपूरच्या रविवारच्या बाजारातून आणि परदेशी असलेल्या भाच्याच्या बॅगेतून आलेल्या अशा काही गाड्या आहेत. भाचा फोनवर म्हणतो, "मामा, लोक इथून चॉकलेटे मागवतात!"

तिकडे खऱ्या गाड्याही जपतात. अमेरिकेत जुन्या बंबांच्या शौकिनांची एक मोठी संस्था १९५८ पासून आहे. त्यांच्या मेळाव्यांत आजोबा नातवाला शेजारी बसवून प्रमुखाची गाडी मिरवतात. आपल्याकडे शौकिनांची वाण नाही. दिल्लीत 'स्टेट्समन'ची जुन्या मोटारींची फेरी १९६४ साली सुरू झाली. राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातला १९१४ चा जॉन मॉरिस बंब तिच्यात धावलेला आहे; निजामाच्या रेल्वेसाठी विलायतेहून आलेली ती वस्तू, चाकांना भरीव रबर, आणि तरी चालती! मी दिल्लीला गेलो तेव्हा कुतुबमिनार राहू दिला आणि तो पाहून आलो. राजेरजवाड्यांच्या रोल्स आहेत, शेठजींच्या ब्यूक आहेत. अग्निशामक अधिकाऱ्याची जीप किंवा अँबॅसडर मात्र या प्रदर्शनांत मला अजून भेटलेली नाही.

का, याचे उत्तर मला सरकारी कागदांतच सापडले. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या मोटारींसाठी चांगले नियम केले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झाली आणि गाडी मूळ रूपात असली, की तिला 'व्हीए' अक्षरांचा खास क्रमांक मिळतो. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे. रोजच्या वापराला बंदी, पण प्रदर्शनाला, फेरीला नेता येते. उत्तम! दुसरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला. सरकारी गाडी, मग ती केंद्राची असो, राज्याची असो की नगरपालिकेची, १५ वर्षांची झाली की तिची नोंदणी संपली. ती मान्यताप्राप्त केंद्रात मोडीतच काढायची. संरक्षणाच्या व कायदा-सुव्यवस्थेच्या खास गाड्या तेवढ्या वगळल्या.

आता हिशेब मांडा. शेठजींची ब्यूक गॅरेजात निवांत पन्नाशी गाठते. लाल जीपला पंधराव्या वर्षी मूठमाती. मधल्या ३५ वर्षांत तिला सांभाळायचे कोणी आणि कोणत्या कायद्याने? पूर्वी निदान लिलाव होत. भाजीवाला का होईना, कोणी तिला घेऊन जाई आणि माझ्यासारखा वेडा दोन दशकांनी तिचा माग काढी. आता ती वाटही बुजली. पुढच्या पन्नास वर्षांत खासगी गाड्यांचे प्रदर्शन भरेल, पण गावासाठी धावलेली एकही गाडी तेथे दिसणार नाही.

कोणी म्हणेल, जुना बंब ऐन वेळी सुरूच झाला नाही तर? अगदी खरे. ज्याचे घर जळते आहे त्याला जुन्या वस्तूंचे प्रेम ऐकवू नये. कामावरची गाडी नवीच हवी, आणि वेळेवर हवी. माझे मागणे इतकेच की मोडीत निघणाऱ्या शंभरांतली एक, इंजिन बंद करून, चाकांखाली विटा लावून का होईना, जिल्ह्याच्या ठिकाणी छपराखाली उभी करावी. आमच्यापासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर नागपूरला १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. देशभरचे अधिकारी तेथे घडतात. विदर्भातली एखादी तरी लाल जीप त्या गावात सुखाने म्हातारी व्हावी, असे मला वाटते. या आशयाचे अर्ज मी एका कार्यालयात तीनदा दिले. तिसऱ्या वेळी तेथल्या कारकुनाने मला बसायला खुर्ची दिली, ही प्रगतीच म्हणायची.

तोवर प्रदर्शन माझे मीच भरवतो. सप्ताहाचा पहिला दिवस म्हणजे आंबेडकर जयंती. त्या दिवशी गावात मिरवणूक, शाळांना सुट्टी. पुढे परीक्षा. म्हणून दोन पेपरांच्या मधला एखादा दिवस हेडमास्तर मोठ्या मिनतवारीने देतात. एका बाकावर छोट्या गाड्या मांडतो, दुसऱ्याला टेकवून दरवाजा. मुले प्रथम छोट्या गाड्यांवर तुटून पडतात आणि हमखास तोच प्रश्न विचारतात, जो मला सातवीत पडला होता: "यात पाणी कुठे असते?" मग मी त्यांना त्या गंजीची गोष्ट सांगतो. मूठभर खडूची भुकटी हवेत सोडून वारा दाखवतो. हा भाग त्यांना फार आवडतो, झाडणाऱ्या मावशींना आवडत नाही.

गेल्या खेपेला पाचवीतली एक मुलगी दरवाजापाशी रेंगाळली. तिने '...शामक' ही अक्षरे बोटाने गिरवली, आणि मग कोणी सांगितले नसता दरवाजाची मूठ फिरवली. इतक्या वर्षांत ती फिरवून पाहण्याचे मला कधी सुचले नव्हते. खट्कन आवाज झाला. कडी चोख काम करीत होती. बघता बघता मागे रांग लागली, आणि पाचवी ते सातवीच्या सगळ्या मुलांनी ती मूठ एकेकदा फिरवली.

घरी येऊन मी हे कौतुकाने सांगितले. सौभाग्यवतींनी काही न बोलता शिवणयंत्राच्या तेलाची कुपी आणून माझ्यासमोर ठेवली.