डोलकाठीच्या तारा किती ताणायच्या, आणि शून्य कुठे धरायचं

मुंबईच्या बंदरात शिडाच्या छोट्या बोटी पावसाळ्यात बाहेर काढून ठेवतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास डोलकाठी पुन्हा उभी करतात. गेल्या ऑक्टोबरमध्ये एका मित्राच्या बोटीवर हे काम करताना मी एक चूक केली. संशोधनाच्या वाटेवर असाल तर तीच चूक तुम्ही लॅबमध्ये कधीतरी कराल, म्हणून ती सविस्तर सांगतो.

आधी बोटीबद्दल थोडं. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारा म्हणजे श्राउड, पुढची फोरस्टे, मागची बॅकस्टे. श्राउडच्या खालच्या टोकाला टर्नबकल असतं, ते पिळलं की तार ताणली जाते. ताण कमी पडला तर डोलकाठी वाऱ्यात हेलकावे खाते आणि प्रत्येक हिसक्याला तारेचं टोक थोडं वाकतं, थकतं. जास्त झाला तर डोलकाठी बोटीच्या तळावर दाबली जाते. तार समुद्रात तुटली तर डोलकाठी शिडासकट खाली येते, आणि तिच्याखाली माणसं बसलेली असतात.

म्हणून ताणायच्या आधी तपासणी. कापसाचा बोळा तारेवरून खालपासून वरपर्यंत फिरवा. या तारेत १९ धागे असतात. एखादा तुटला असेल तर कापूस तिथे अडकतो. (उघडा हात फिरवू नका, रक्त निघतं.) एक धागा तुटलेला दिसला तरी तार बदलायची. सगळ्यात जास्त वेळ खालच्या टोकाच्या फिटिंगवर घालवा. खारं पाणी तारेवरून ओघळून तिथेच साचतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्याच्यावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या पातळ थरामुळे, आणि तो थर टिकायला ऑक्सिजन लागतो. फिटिंगच्या आत, साचलेल्या पाण्यात, तो पुरेसा मिळत नाही. त्यामुळे बाहेरून चकचकीत तार आतून खाल्लेली असू शकते. भिंग घेऊन केसाएवढी उभी भेग किंवा तांबूस ओघळ शोधा.

आता ताण. जुने लोक टर्नबकलचे फेरे मोजतात. यात अडचण अशी की तुम्ही पिळता तेव्हा फक्त तार लांबत नाही, बोटीचं फायबरचं अंगही थोडं वाकतं आणि डोलकाठीही दबते. म्हणजे फेरे संपूर्ण बोटीबद्दल सांगतात, एकट्या तारेबद्दल नाही.

त्यापेक्षा तारेचीच लांबी मोजा. सुताराची २ मीटरची घडीची पट्टी घ्या. तिचं वरचं टोक चिकटपट्टीने तारेला घट्ट बांधा, खालचं टोक मोकळं ठेवून फिटिंगच्या कडेला टेकवा. तार ताणली की पट्टी आणि फिटिंग यांच्यात फट पडते, ती व्हर्नियरने मोजा. १९ धाग्यांच्या स्टेनलेस तारेसाठी नियम असा की २ मीटरमध्ये १ मिलिमीटर फट म्हणजे तुटण्याच्या भाराच्या ५ टक्के. छोट्या बोटीला साधारण १५ ते २० टक्के, म्हणजे ३ ते ४ मिलिमीटर पुरतात.

थांबा, तारेची जाडी कुठे गेली? मलाही हेच वाटलं होतं. तार जाड झाली तर तुटायला जास्त भार लागतो, पण तेवढंच लांबवायलाही त्याच प्रमाणात जास्त जोर लागतो. दोन्हीकडे छेदाचं क्षेत्रफळ येतं आणि भागाकारात कटतं. किलोमध्ये उत्तर हवं असेल तरच जाडी लागते.

आता माझी चूक. पट्टी एकच होती. ती उजव्या तारेला लावली, हाताने घट्ट करून शून्य धरलं आणि पिळायला लागलो. दुसरी पट्टी सापडून डाव्या तारेला लागेपर्यंत उजवीकडे १ मिलिमीटर झालं होतं. पुढे पिळत गेलो. उजवी ३, डावी २. मी म्हटलं, डावी कमी आहे, ती ३ वर आणू. डावी ३ झाली, पण उजवी ४ वर गेली. मित्र म्हणाला, अजून अर्धा फेरा दे.

तिथे पहिल्या वर्षाचं स्टॅटिक्स आठवलं. खालच्या छोट्या तारा अजून सैल होत्या, दोन्ही बाजूंचे कोन सारखे. डोलकाठी कुठल्याच बाजूला जात नसेल तर दोन्ही ताण सारखेच असले पाहिजेत. एक तार पिळली की दुसरीही ताणली जाते. मग ३ आणि ४ हे आकडे एकाच वेळी खरे असूच शकत नाहीत. डावीचं शून्य मी घेतलं तेव्हा ती आधीच १ मिलिमीटर ताणलेली होती. दोन्ही तारा खरं तर २० टक्क्यांवर होत्या आणि मी आणखी पिळायला निघालो होतो. शिवाय एकतर्फी पिळण्याने डोलकाठीचं टोक डावीकडे गेलं होतं. शीड वर ओढायच्या दोरीला स्टीलची टेप बांधून टोकापासून दोन्ही कडांचं अंतर घेतलं तेव्हा ते कळलं.

यात व्हर्नियर अचूक होता, वाचनं दहा वेळा घेतली असती तरी तीच आली असती. सरासरीने हा दोष जात नाही. पकडला तो समतोलाच्या एका अटीने, जी पट्टीवर अवलंबून नव्हती. तुमच्या प्रयोगात अशी अट कोणती, हे वाचन घेण्याआधीच वहीत लिहून ठेवा. नंतर आकडे पाहून अट शोधायला गेलात तर सोयीची सापडते.

आम्ही सगळं सैल केलं, दोन्ही पट्ट्या लावून एकत्र शून्य धरलं आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा देत ३ वर आणलं. मग खालच्या तारा, डोलकाठीच्या खाचेतून वर बघत ती सरळ राहील एवढ्याच. शेवटची तपासणी पाण्यावर: मध्यम वाऱ्यात बोट साधारण २० अंश कलली की वाऱ्याआडची तार जराशी ढिली पडावी, लोंबकळू नये. फेरफार त्या ढिल्या बाजूलाच करायचा, मग बोट वळवून दुसऱ्या बाजूला तेवढेच फेरे. किनाऱ्यावर आल्यावर टर्नबकलमध्ये स्प्लिट पिना घातल्या आणि वरून टेप गुंडाळली. नवी तार असेल तर पहिल्या काही फेऱ्यांनंतर धागे बसतात, तेव्हा हे सगळं पुन्हा एकदा करावं लागतं.