पानफुटीच्या पानाची आंबट चव

कार्बन डाय-ऑक्साइड वायू आत घ्यावयाचा, तर वनस्पतीला पर्णरंध्रे उघडावी लागतात. आणि ती उघडताच पाण्याची वाफ बाहेर पडू लागते. रुक्ष प्रदेशात अन्न मिळवावे की पाणी राखावे, हा तिच्यापुढील पेच होय.

पानफुटीने तो कसा सोडविला, याचा सुगावा प्रथम जिभेला लागला. भारतात संशोधन करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाला तिची पाने सकाळी आंबट, दुपारी बेचव व सायंकाळी किंचित कडू लागली. त्याचे हे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनिअन सोसायटीने प्रसिद्ध केले.

ही वनस्पती रंध्रे मुख्यतः रात्री, हवा थंड असता, उघडते. घेतलेला वायू मॅलिक अम्लाच्या रूपाने पेशींतील रिक्तिकांत साठतो. दिवसा रंध्रे मिटतात; अम्लातून वायू पुन्हा सुटतो व प्रकाशाच्या साहाय्याने त्याची शर्करा बनते. एक ग्रॅम वायूसाठी सामान्य वनस्पती सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम पाणी गमावते; निवडुंगादी वनस्पतींचे या पद्धतीने ५० ते १०० ग्रॅमांत भागते. मात्र रिक्तिकेत मावेल तितकेच अम्ल साठत असल्याने वाढ बहुधा मंद राहते.

हरितगृह सांभाळणाऱ्या अध्यापकास हे विद्यार्थ्यांना सहज दाखविता येते. पाने चाखू मात्र नयेत, कारण त्यांत हृदयाला अपायकारक द्रव्ये असतात. पहाटेच्या व सायंकाळच्या पानांच्या रसातील अम्ल अनुमापनाने मोजावे. रात्री हरितगृह फार उबदार राहिल्यास अम्लसंचय घटतो, हेही ध्यानी ठेवावे. अन्यथा दोष वनस्पतीचा नसून व्यवस्थेचा असेल.